देवाची राई आणि माणसाचा मोबदला

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर जुन्या सदाहरित आणि निमसदाहरित जंगलाचे जे तुकडे गावांच्या कडेला टिकून आहेत, त्यांतले पुष्कळसे देवाच्या नावाने राखलेले आहेत. घाटमाथ्यावर त्यांना देवराई म्हणतात, रत्नागिरी-सिंधुदुर्गात देवरहाटी. काळकाई, वाघजाई, जाखाई, सोमजाई ही तिथली दैवते. राईत कुऱ्हाड चालवायची नाही, पडलेले लाकूडही घरी न्यायचे नाही, अगदीच अडले तर गुरवाकरवी देवाला कौल लावायचा, असा अनेक गावांचा दंडक. या राया टिकवण्यासाठी आता स्वयंसेवी संस्था गावकऱ्यांशी करार करतात आणि जंगल राखल्याबद्दल त्यांना आर्थिक आधार देतात. त्यातून एक जुना तात्त्विक प्रश्न नव्याने उभा राहतो: जे भक्तीने राखले गेले, ते पैशाने राखले तर पवित्र राहते का?

रक्तदानाचा अभ्यास करणाऱ्या रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली हाच प्रश्न वेगळ्या क्षेत्रात मांडला होता. रक्ताला किंमत लावली की देण्याची वृत्तीच आटते, असे त्यांचे म्हणणे. राईलाही ते लागू पडेल अशी भीती रास्त आहे. देवाच्या धाकाने न तोडलेले झाड उद्या रक्कम थांबल्यावर तोडले जाईल. कारण मधल्या काळात ते झाड देवाचे न राहता कराराचे झालेले असेल.

पण या भीतीमागे एक गृहीत आहे, की पूर्वीची श्रद्धा स्वार्थापासून अगदी अलिप्त होती. देवरायांचा इतिहास तसे सांगत नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या राया पालथ्या घातल्या, तेव्हा श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी या गावची राई त्यांच्यासमोर आली. तिथल्या गारंबीच्या अजस्र वेलीचा उपयोग गुरांच्या सर्पदंशावर होत असे. कित्येक रायांच्या पोटात बारमाही झरा असतो आणि खालची शेती त्यावर जगते. पाणी, औषध आणि देव ही तिन्ही गावाच्या मनात वेगवेगळ्या कप्प्यांत नव्हती. ईशोपनिषदाच्या पहिल्याच मंत्रात त्याग आणि भोग एकमेकांना लागून येतात. राईचा व्यवहार त्याच जातीचा आहे. काही सोडायचे, म्हणजे उरलेले सर्वांना पुरते. त्यामुळे जंगलातून गावाला काही मिळाले म्हणून पावित्र्य भंगते, हे म्हणणे टिकत नाही.

उलट, पैशाचा स्पर्श न होताही पावित्र्य झाडापासून सुटू शकते. पूर्वी अनेक ठिकाणी देवाला छप्पर चालत नसे. तांदळा, म्हणजे देव मानलेला अनघड दगड, उघड्यावर, झाडांच्या सावलीत असे. मग जीर्णोद्धाराची लाट आली, मुंबईकर चाकरमान्यांची वर्गणी आली आणि काही गावांत सिमेंटचे देऊळ उभारण्यासाठी राईतलीच झाडे गेली. श्रद्धा घटली नव्हती, ती झाडावरून वास्तूवर सरकली होती. ही हानी फार मोठी आहे आणि तिच्याबद्दल धार्मिक मंडळी फार कमी बोलतात. देव राईत राहतो, की राई हाच देव, याचे उत्तर गावाने न बोलता बदलले.

देवरहाटीबाहेरचे जंगल आणखी अडचणीत आहे. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन फार थोडे, बहुतेक जंगल खासगी मालकीचे. कोळशासाठी, जळणासाठी तोड होते. गरजेपोटी जमीनही विकली जाते. पुण्यात १९९४ साली स्थापन झालेली अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था संगमेश्वर परिसरात अशा मालकांशी ठराविक मुदतीचे करार करते. तिने आणखी एक वाट काढली, ती बेहड्याची. जुन्या बेहड्याच्या ढोलीत महाधनेश पक्षी घरटे करतो, आणि त्याच झाडाचे फळ त्रिफळ्यात जाते. काही फळ पाखरांना-प्राण्यांना ठेवून केलेल्या वेचणीला फेअरवाइल्ड हे प्रमाणपत्र मिळते आणि त्या फळाला बरा भाव येतो. झाड उभे राहिले तरच दरवर्षी फळ मिळते, हे समजण्यासाठी वेगळ्या उपदेशाची गरज पडत नाही.

तरीही राईच्या वतीने बोलायचे कुणी, हा प्रश्न उरतोच. भारतीय कायद्यात देवता ही व्यक्ती मानली जाते. १९२५ साली कोलकात्यातल्या एका घराण्याच्या कुलदैवताच्या वादात प्रिव्ही कौन्सिलने सांगितले, की देवतेची इच्छा विचारात घ्यावी आणि तिची बाजू, ज्याचा त्या वादात स्वतःचा हितसंबंध नाही अशा माणसाने मांडावी. देवरहाटीपुरता असा माणूस शोधणे अवघड आहे. मानकऱ्यांना मान हवा असतो, वारसाला जमीन. बाहेरून आलेली संस्थासुद्धा निरिच्छ नसते, तिला देणगीदारांना काम दाखवायचे असते. म्हणून कौल लावण्याची जुनी पद्धत अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकणे घाईचे ठरेल. कौल सगळ्या गावासमोर लागतो, आणि त्यात एकट्या माणसाला झाड परस्पर विकता येत नाही.

मोबदल्याचा खरा दोष दुसरीकडे आहे. करारावर सही सातबाऱ्यावर नाव असलेल्याची असते. पण तोडबंदीचा भार बहुधा ज्यांचे नाव कुठेच नाही त्यांच्यावर पडतो: मोळी आणणाऱ्या बाया, गुरे चारणारे धनगर, रानमेव्यावर जगणारे कातकरी. त्याग एकाचा आणि रक्कम दुसऱ्याची झाली, तर ती जंगल राखण्याची किंमतही नव्हे आणि दक्षिणाही नव्हे. बेहड्याचा व्यवहार यात उजवा ठरतो, कारण वेचणीचा दाम वेचणाऱ्या हाताला मिळू शकतो, त्या हाताच्या नावावर जमीन असो वा नसो.