दारासमोरच्या रस्त्याचं बिल

समजा, डहाणूत तुमच्या दारासमोरचा रस्ता नव्याने बांधला. खर्चातला वाटा घरमालकाने द्यावा का?

महाराष्ट्राचा १९६६ चा नगररचना कायदा ‘हो’ म्हणण्याच्या बाजूचा आहे: नगररचना योजनेमुळे जमिनीची किंमत वाढली, तर वाढीच्या निम्म्यापर्यंत रक्कम मालकाकडून घेता येते. ज्याचा फायदा, त्याचा खर्च. तर्क पटतो.

पण वाढलेली किंमत विकणाऱ्याच्याच हाती पडते. तिथेच राहणाऱ्याला चांगला रस्ता मिळतो, पैसे नाहीत. तलासरीत तर आदिवासीची जमीन सरकारी परवानगीशिवाय बिगरआदिवासीला विकताच येत नाही. खुल्या बाजारातला भाव त्याच्या कामाचा नाही; मग त्या भावावर वसुली न्याय्य कशी?

म्हणून वाटा जरूर घ्यावा, पण घर विकलं जाईल तेव्हा. तोवर खर्च सगळ्यांचा, कारण रस्त्यावरून सगळेच जातात.