समप्रकाश

२०२१च्या जुलैत टोकियोच्या बाजी कोएन मैदानावर ऑलिंपिकची ड्रेसाज, म्हणजे शिकवलेल्या घोड्याच्या लयबद्ध चालींची, स्पर्धा झाली, तेव्हा उन्हाची काहिली चुकवण्यासाठी ती संध्याकाळी सुरू होई आणि रात्री दिव्यांच्या उजेडात संपे. अशाच एका रात्री जर्मनीच्या येसिका फॉन ब्रेडोव-वेर्नडल यांनी आपल्या दलेरा या घोडीसह वैयक्तिक सुवर्णपदक मिळवले, आणि पाहणाऱ्यांची दृष्टी संगीताच्या लयीत उचलल्या जाणाऱ्या त्या पावलांवर खिळून राहिली. पावलांखालच्या वाळूवर जो प्रकाश पसरला होता त्याची आठवण मात्र कोणाला राहिली नसेल. त्या प्रकाशाला मी समप्रकाश म्हणतो आणि आज त्याच्यापाशीच थोडे थांबावे म्हणतो.

ड्रेसाजचे रिंगण साठ मीटर लांब आणि वीस मीटर रुंद. ते उजळायचे म्हटले की आपल्याकडे पहिली चौकशी होते ती दिवा किती वॅटचा, आणि मला वाटते घोळ तिथूनच सुरू होतो. कारण एकाच दिव्याचे सामर्थ्य वाढवत गेले, तर त्याच्या पायथ्याशी डोळे दिपतात, आणि अंतर दुप्पट झाले की उजेड चौथ्या हिश्शावर येत असल्यामुळे पलीकडचा कोपरा तसाच काळोखात राहतो. देवघरात समई एकाच बाजूला असली की मूर्तीचे अर्धे मुख छायेत जाते, म्हणून आपण दोन्ही बाजूंना समया ठेवतो. रिंगणाच्या दोन्ही लांब बाजूंना, कुंपणाबाहेर, उंच खांबांवर दिवे लावतात ते याच न्यायाने, की एका दिव्याने पाडलेली सावली समोरच्या दिव्याने भरून काढावी. म्हणून समप्रकाशात सावली नाहीशी होत नाही, फक्त इतकी फिकट होते की तिची भीती वाटू नये.

भीती कोणाची, हे समजायला घोड्याच्या डोळ्याकडे वळावे लागते. जमिनीवर वावरणाऱ्या प्राण्यांतल्या सर्वांत मोठ्या डोळ्यांत त्याची गणना होते; तो डोक्याच्या बाजूला असल्यामुळे घोड्याला सुमारे ३५० अंशांचा परिसर दिसतो, आणि दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा थर असल्यामुळे मंद उजेडातही तो आपल्यापेक्षा चांगले पाहतो. परंतु उजेडातून अंधारात किंवा अंधारातून उजेडात जाताना हाच डोळा सावरायला आपल्यापेक्षा अधिक वेळ घेतो. तेव्हा काळोखाशी त्याचे फारसे वैर नाही, वैर आहे ते अकस्मात बदलाशी. खांबाची काळी सावली वाळूवर आडवी पडली की तो खड्डा आहे की ओंडका, हे त्याला ठरवता येत नाही. कान ताठ होतात, नाकपुड्या फुलतात, एक मोठी फुरफुर येते, पाठ आखडते आणि पुढचे दोन्ही पाय वाळूत रोवले जातात. घोडा बुजला. मग स्वार टाच मारतो, लगाम आवळतो, आणि उजेडाच्या चुकीची शिक्षा घोडा भोगतो.

कठोपनिषदाने इंद्रियांना घोडे, मनाला लगाम आणि बुद्धीला सारथी म्हटले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण त्याच रूपकात विषयांना वाटा म्हटले आहे, आणि त्या वाटांपाशी आम्ही निरूपणकार फारसे रेंगाळत नाही. लगामाचे माहात्म्य सांगण्यात आमची रात्र सरते. मला मात्र वर्षानुवर्षे वाटत आले आहे की, ज्याला आवरायचे त्याच्या वाटेवरचा उजेड आधी सम करणे, हाही संयमाचाच भाग आहे. घोड्याची स्वारावर श्रद्धा असते, म्हणूनच तो पाठीवर माणूस घेऊन मान कमानदार करतो. आणि चेहरा जितका उभ्या रेषेकडे येतो तितकी त्याची दूरची नजर आखडते. इतके ज्याने सोपवले, त्याच्या पुढ्यातली वाळू फसवी असू नये.

अशी न फसवणारी वाळू व्हिएन्नात दिसते. तिथल्या स्पॅनिश रायडिंग स्कूल या घोडेस्वारीच्या शाळेचे हिवाळी दालन १७२९ ते १७३५ या काळात योसेफ इमान्युएल फिशर फॉन एर्लाख यांनी बांधले. भिंती, खांब, छत, सारे पांढरे, वर झुंबरे, रंग म्हणावा तर सम्राट सहावे चार्ल्स यांच्या चित्रात, ज्याला स्वार टोपी काढून वंदन करतात. पांढऱ्या भिंतीवर आदळलेला उजेड सर्व दिशांना विखुरतो आणि खाली वाळूवर येईपर्यंत तो नेमका कुठून आला हे सांगता येऊ नये इतका मऊ होतो. तिथे समप्रकाशाचे निम्मे काम भिंतींनीच केलेले असते. उघड्या रिंगणाला भिंती नसतात, म्हणून तिथे सगळा भार खांबांवर येतो.

आणि हा प्रकाश केवळ घोड्यापुरताही सम असून भागत नाही. रिंगणातल्या जागा अक्षरांनी ओळखतात; स्वार ए या अक्षरापाशी आत येतो, मध्यरेषेवरून एक्स या मध्यबिंदूवर थांबतो आणि समोर सी अक्षरामागे बसलेल्या पंचाला अभिवादन करतो. त्या दिशेला दिवा खाली किंवा तिरपा लावलेला असेल तर घोडा आणि स्वार दोघेही झोतातच शिरतात. पंचाची अडचण निराळी. पियाफमध्ये दुडकीची पावले जवळजवळ जागच्या जागी पडतात, कर्णावरचे दोन पाय एकत्र उचलले जातात. मागचा खूर पोटाच्या सावलीत बुडाला तर तो किती उचलला, याचा न्याय करायचा कशावरून? धुळीचेही तेच, कोरड्या वाळूची धूळ झोतात उजळून पडद्यासारखी मध्ये येते. म्हणून आधी पाणी मारावे.

राहता राहिला उंबरठा. तबेल्याच्या मंद उजेडातून घोड्याला एकदम रिंगणात आणणे म्हणजे आत केलेली सारी समता दारातच मोडणे. त्या वाटेवर मधला, बेताचा उजेड हवा, आणि घोड्याला तिथे थोडे चालवावे. परतताना ही वाट अधिकच महत्त्वाची, कारण तेव्हा तो उजेडातून अंधाराकडे निघालेला असतो. जुने मेटल हॅलाइड दिवे असतील तर आणखी एक सावधगिरी: वीज क्षणभर गेली तरी ते निवल्याशिवाय पुन्हा पेटत नाहीत आणि त्यात कित्येक मिनिटे जातात. म्हणून वाटेवरच्या दिव्यांचे बटण आणि जोडणी वेगळी ठेवावी, आणि रिंगणातले दिवे शेवटचा घोडा ठाणावर बांधल्यानंतरच मालवावेत.