दुसरी प्रत

रविवारी सकाळी हार्ड डिस्कमधून टक् टक् आवाज येऊ लागला. बंद खोलीतून कुणी दार ठोठावावं तसा. मी केबल काढली, पुन्हा लावली. असं सात-आठ वेळा केलं. ग्वाल्हेरच्या बाड्याजवळच्या दुरुस्तीवाल्यानं पहिलं तेच विचारलं, "कितनी बार चालू किया?" लाज वाटून मी म्हणालो, "दो-तीन बार."

आत आरशासारखी तबकडी मिनिटाला 5400 फेरे घेत असते. वाचणारं हेड तिला शिवत नाही, काही नॅनोमीटर वर हवेवर तरंगतं. ते एकदा टेकलं की पुढच्या प्रत्येक वेळी तबकडीवरचा लेप खरवडत जातं, आणि जे काही साठवलेलं असतं ते त्या लेपातच. माझ्या सात-आठ वेळांत किती ताना गेल्या कोण जाणे.

ताना, कारण तिच्यात मामांच्या कॅसेटी होत्या. इथल्या लष्कर भागातल्या घरगुती बैठका, मध्येच कपबशांचा आवाज, कुणाची तरी दाद. "तुला यातलं कळतं, नीट ठेव," म्हणून त्यांनी पेटी माझ्या हवाली केली होती. मी सगळं संगणकावर उतरवलं आणि बुरशी आलेल्या कॅसेटी भंगारात दिल्या. नीट ठेवायचं म्हणजे कुलपात ठेवायचं, अशी माझी समजूत.

ग्वाल्हेरात राहून ही समजूत, हे विशेष. इथली ख्यालगायकी चोरून ऐकण्यातून वाढली, अशी आख्यायिका आहे. दौलतराव शिंद्यांच्या दरबारात बडे महंमद खाँ गात आणि हस्सू-हद्दू खाँ पडद्याआड बसून त्यांची तान उचलत. खाँसाहेबांची परवानगी नव्हती, महाराजांची होती. नीतीच्या हिशेबात हे कुठं मांडायचं, मला अजून ठरवता आलेलं नाही. पुढं हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ती विद्या शिकले, महाराष्ट्रात घेऊन गेले. विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याकडे मिरजेत शिकले. एक प्रत परगावी असावी, असं संगणकवाले सांगतात. ग्वाल्हेरच्या गाण्याची ती मिरजेला होती.

दोन वर्षांपूर्वी गाणं शिकणारा एक मुलगा पेन ड्राइव्ह घेऊन घरी आला होता. मी नको म्हणालो. "घरचं आहे रे, बाहेर जायला नको." घरचं कसलं! गाणारे माझे कुणी नव्हते, कॅसेटीही मामांच्या. पण 'हे फक्त माझ्याकडे आहे' असं चारचौघांत सांगण्यात मौज होती. त्या दिवशी त्याला संगणकासमोर बसवून मी चहा करायला आत गेलो होतो. चांगली दहा मिनिटं.

डिस्क दिल्लीला पाठवली. तिथं धूळ नसलेल्या खोलीत ती उघडतात. पण तबकडीच ओरखडली असेल तर त्यांचाही इलाज चालत नाही. परत आली. मामांना अजून सांगितलेलं नाही.

परवा रात्री त्या मुलाला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हटलं, "तेव्हा मी चहा करायला गेलो होतो बघ... तू काही उतरवून घेतलं असशील तर मी रागावणार नाही. उलट..."

तो क्षणभर गप्प राहिला.

"नाही काका. तुम्ही नको म्हणाला होतात ना."