सावधपणा कोणाचा?

घरचा एक, कचेरींतला एक आणि प्रवासांतला एक असे तीन संगणक ज्याच्या नशिबीं आले आहेत, त्याला लवकरच एक विचित्र परकेपणा जाणवूं लागतो. बोटें तींच, परंतु एका यंत्रावर जें सहज घडतें तें दुसऱ्यावर अडतें. युनिक्स परंपरेच्या यंत्रांत या वैयक्तिक सवयी टिंबानें आरंभ होणाऱ्या नांवांच्या फायलींत लिहिलेल्या असतात. नेहमींच्या यादींत त्या दिसत नाहींत. संस्कारांप्रमाणेंच, असें कोणी म्हणेल. चतुर लोक त्या एके ठिकाणीं गोळा करतात, २००५ सालीं लिनस टोरवाल्ड्स यांनीं रचलेल्या ‘गिट’कडे त्यांचा इतिहास सोंपवितात आणि प्रत्येक यंत्रावर तीच प्रत उतरवून घेतात. मींहि तेंच केलें. पण फार उशिरां.

माझ्या घरच्या फायलींत एक ओळ होती. फाइल नष्ट करण्याची ‘आरएम’ ही आज्ञा दिली कीं यंत्रानें आधीं ‘खरोखर काढूं काय?’ असें विचारावें, एवढीच तिची कामगिरी. वर्षानुवर्षें तो प्रश्न वाचून मी स्वतःस सावध मनुष्य समजूं लागलों होतों. एके दिवशीं परक्या यंत्रावर तीच आज्ञा दिली. तेथें विचारणारें कोणी नव्हतें, आणि या आज्ञेला केराची टोपलीहि ठाऊक नाहीं. वडिलांच्या पत्रांच्या मीं टंकित केलेल्या प्रती क्षणांत गेल्या. मूळ पत्रें वाळवीनें पूर्वींच खाल्लीं होतीं.

एक स्नेही म्हणाले, “ती ओळ तुम्ही सर्वत्र पोंचविली असतीत, तर हें घडलें नसतें.” हें खरें आहे, आणि तरीहि मला तें पटत नाहीं. विसरूं नये म्हणून उपरण्याला गांठ मारणाऱ्यास कोणी दोष देत नाहीं. पण गांठ मनुष्याला आठवण करून देते. त्याच्या वतीनें आठवत नाहीं. माझी ओळ माझ्या वतीनें सावध राहत होती. शिवाय जेथें दुसऱ्यांच्या फायली असतात, त्या यंत्रावर माझी ओळ नेण्याचा मला अधिकार तरी काय? अक्षरांचा आकार, रंग, आज्ञांचीं लघुरूपें हीं खुशाल सर्वत्र न्यावींत. त्यांच्या अभावीं फार तर चिडचिड होते.

ती एक ओळ मात्र मीं तिन्ही यंत्रांवरून काढून टाकली आहे. प्रश्न विचारावयास लावणारीं तीं दोन चिन्हें, लघुरेषा आणि ‘आय’, आतां मी प्रत्येक वेळीं स्वतः लिहितों. गेल्या महिन्यांत दोनदां विसरलों.