लोकसंग्रह आणि ग्राहकसंग्रह

आमच्या देवस्थानाच्या महाजन-कुळाव्यांना उत्सवाच्या तिथी वेळेवर कळाव्यात, म्हणून काही वर्षांपूर्वी व्हॉट्सॲपवर एक समूह काढण्यात आला. पालखीची वेळ, महाप्रसादाची व्यवस्था, कोणाकडचे सोयरसुतक, असा मजकूर त्यात येई. एके दिवशी एका परिचित गृहस्थांनी तेथे गुडघेदुखीवरील एका चूर्णाची माहिती दिली आणि आपणांस त्याचा गुण आल्याचे लिहिले. अनेकांनी त्याखाली संतोष व्यक्त केला. मीही अंगठा उंचावल्याचे चिन्ह टाकले. एका वृद्ध बाईंनी तीन डबे मागविले. पुढे कळले की, प्रत्येक डब्यामागे त्या गृहस्थांना दलाली मिळत होती.

त्यांना गुण आला नसेल, असे मी म्हणत नाही. तो आलाही असेल. म्हणजे ते असत्य बोलले नाहीत. मग बाईंच्या मनाला टोचणी लागली, ती कशाची?

व्यापाराने ओळखीचा आधार घ्यावा, ही काही आजची गोष्ट नव्हे. अमेरिकेत टपरवेअर या प्लास्टिकच्या डब्यांच्या कंपनीने १९५१ साली दुकानांतील विक्री सोडून घरगुती मेळाव्यांतून विक्री करण्याचे धोरण स्वीकारले. ब्राउनी वाइज या बाईंनी ते यशस्वी करून दाखविले. यजमानीण शेजारणींना बोलावी, त्यांच्यापुढे डबे मांडले जात, आणि पाहुणचार घेतलेल्या शेजारणीला ‘नको’ म्हणणे जड जाई. आपल्या देशात २०१५ साली स्थापन झालेल्या मीशो या कंपनीने हीच वाट व्हॉट्सॲपवर आणली. गृहिणीने साड्यांची चित्रे नात्यागोत्यांत धाडावी, मूळ किमतीवर आपला नफा चढवावा, आणि माल परस्पर गिऱ्हाइकाच्या घरी पोचावा. ज्यांना दुकान थाटणे शक्य नव्हते, अशा स्त्रियांना यातून स्वतःच्या कमाईचा मार्ग सापडला, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र या धंद्यास भांडवल लागत नाही, असे जे म्हणतात, ते खरे नव्हे. नात्यातील विश्वास हेच त्याचे भांडवल होय. आणि ते विकणाऱ्याचे एकट्याचे नसते, अनेकांनी पिढ्यान्‌पिढ्या साठविलेले असते.

देवालयाचे व्यापाराशी वैर कधीच नव्हते. जत्रेच्या फेरीत खाजे विकत घेतल्यावाचून आपण घरी परतत नाही. उत्सवात पावणी होते, तेव्हा देवापुढे आलेल्या नारळा-केळ्यांची बोली चालते. तेथे एखाद्या नारळाला बाजारभावाच्या कितीतरी पट दर येतो. परंतु त्यात कोणी फसला, असे आपण म्हणत नाही. हा लिलाव आहे आणि पैसा देवाकडे जाणार आहे, हे बोली लावणाऱ्यास ठाऊक असते, तसेच ऐकणाऱ्यासही. तेव्हा दोष विक्रीत नाही. विक्रीने स्नेहाचे वस्त्र पांघरून यावे, यात तो आहे.

शासन आणि व्यवसाय यांनीही हा दोष ओळखला आहे. समाजमाध्यमांवर मोबदला घेऊन केलेली शिफारस ही जाहिरात असल्याचे स्पष्ट सांगितले जावे, अशी मार्गदर्शक तत्त्वे भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली घालून दिली. ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले. हे योग्यच झाले. परंतु शंभर-दोनशे माणसांच्या घरच्या समूहात कोणता निरीक्षक डोकावणार? तेथे ज्याने त्याने आपल्या मनालाच साक्षी ठेवावयाचे असते.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात ‘लोकसंग्रह’ हा शब्द आला आहे. समाजाची घडी मोडू नये, म्हणून ज्ञात्यानेही निःस्वार्थ बुद्धीने कर्म करीत राहावे, असा त्याचा आशय. ‘माणसे जोडा’ हाच उपदेश आज व्यापाऱ्यालाही केला जातो. वरवर पाहता दोहोंत अंतर दिसत नाही. ते जाणावयाचे असेल, तर एकच प्रश्न विचारावा: मी काहीही विकत घेतले नाही, तरी हा माणूस माझ्या अडीअडचणीला येईल काय? जो येईल, त्याने माणूस जोडला; जो येणार नाही, त्याने गिऱ्हाईक जोडले.

ही कसोटी त्या गृहस्थांना लावली, तर ते उत्तीर्ण होतात, हे सांगितलेच पाहिजे. गेल्या पावसाळ्यात बाईंना रात्री इस्पितळात नेण्यास तेच धावून गेले होते. त्यासाठी त्यांनी काही घेतले नव्हते. आणि टोचणीचे कारणही हेच असावे. परक्याने दलाली घेतली असती, तर बाईंना त्याचे काही वाटले नसते. येथे आपलेपण खरे होते, आणि बाईंना न सांगता त्यावर नफा घेण्यात आला.

मी बाईंना भेटून विचारले, “तुम्ही त्यांच्या शब्दावर विसंबून डबे मागविलेत ना?”

त्या म्हणाल्या, “त्यांच्या एकट्याच्या नव्हे, भाऊ. तुम्ही सगळ्यांनी बरे म्हटलेत, म्हणून मागविले.”

मी दलाली घेतली नव्हती. पण त्या विक्रीत माझाही वाटा होता.