पेला कुणाचा?



माझा आजा महार रेजिमेंटचा शिपाई. १९७१ च्या डिसेंबरात पश्चिम आघाडीवर होता. त्याच्या पत्र्याच्या ट्रंकेत तीन वस्तू आहेत. पश्चिमी स्टार, काडतुसाची हिरवी पडलेली रिकामी पुंगळी आणि एक जर्मनचा पेला. पेल्याच्या बुडावर खिळ्यानं उर्दूत नाव खरडलंय. आपल्या बाया भांड्यावर नाव घालून घेतात तसं. सूतगिरणीत माझ्या शेजारच्या साच्यावर एक चाचा आहेत. त्यांना दाखवला. त्यांनी 'मोहम्मद' एवढं वाचलं. पुढचं झिजलंय.

पेला आला कुठून? दोन वर्षांत आज्यानं तीन जबाब दिले. एकदा म्हणाला, मेलेल्याच्या पिशवीतनं काढला. एकदा म्हणाला, "कैदी हुता त्यो. त्याला तान लागल्याली, मला बी. एकाच पेल्यात प्यालो." एकदा म्हणाला, जम्मूच्या बाजारात इकत घेतला. चौथ्यांदा विचारलं तर माझ्याकडं बघत राहिला. म्हणाला, "तू कुणाचा रं?"

यंदा १ जानेवारीला वस्तीत प्रदर्शन ठरलं. सोबती म्हणाले, पेला मांडू. खाली चिठ्ठी लिही : शत्रूला लोळवून आणलेला. मी पेन उघडलं आणि हात अडला.

म्हाताऱ्याची आठवण विझत चाललीय. तिच्यात आपण आपल्या सोयीचं तेल ओतावं काय?

सोबती म्हणतात, ओतावं. त्यांचं म्हणणं थट्टेवारी न्यायचं नाही. इंग्रजानं गेल्याच्या गेल्या शतकाच्या शेवटी आपल्याला लष्कराची दारं बंद केली. महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ महार पलटण उभारली, १९२१ पर्यंत तीही मोडली. परत १९४१ साली, दुसऱ्या महायुद्धात, बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. रक्त पाहिजे तेव्हा दार उघडं, भागलं की बंद. ज्यांनी आपली पानंच्या पानं फाडली त्यांच्यासमोर आपण एक ओळ वाढवली तर बिघडलं कुठं?

बिघडतं. पोथ्या लिहिणाऱ्यांनी दुसरं काय केलं? सोयीचं लिहिलं, त्याला सत्य म्हटलं आणि त्यात आपल्याला कोंडलं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जळाली. त्याच सालच्या १ जानेवारीला बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी उभे होते. स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं दगडात कोरलीत. कितीतरी नावांच्या शेवटी 'नाक'. ती नावं खरी आहेत हीच त्यांची ताकद. आपण त्यात एक खोटं घुसडलं तर वैरी बाकीच्यांवरही थुंकायला मोकळा. चाळीस नंबरच्या सुताला वीस नंबरचं सांधलं की गाठ दिसते. कापडावर कितीही खळ चढवा, धुतल्यावर ती वर येतेच.

आणि त्या मोहम्मदचं काय? तो कदाचित जिवंत घरी गेला असेल. त्याचाही कुणी नातू असेल. आपण इतक्या वर्षांनी त्याला चिठ्ठीवर ठार मारायचं, आणि ते कशासाठी, तर आपली मान ताठ दिसावी म्हणून?

आता खरी गोष्ट सांगतो. आज्याला लढाई आठवत नाही. माझं नाव आठवत नाही. पण आई पाणी घेऊन आली की तो भांडं हातात घेत नाही. खाली वाकतो, ओंजळ धरतो, "वरनं वत" म्हणतो. आजी सांगायची, १९७२ च्या दुष्काळात तो सुट्टीवर आला होता. अंगावर वर्दी होती. तरी गावच्या विहिरीवर त्याला वरनंच वाढलं. आघाडीवर शत्रूच्या पेल्यानं तो प्यालाही असेल, गावात ओंजळ सुटली नाही. डोक्यातनं लढाई गेली, हातातनं गाव गेलं नाही.

ह्या ओंजळीला चिठ्ठी कोण लावणार? आपल्याला पराक्रम मांडायचाय, ओंजळ झाकायचीय. अरे, लाज वाढणाऱ्याची आहे, पिणाऱ्याची नाही! आज्याची हीच एक आठवण अजून शाबूत आहे, आणि तीच आपल्याला नकोशी वाटते.

मी चिठ्ठी लिहिली ती अशी : 'हा पेला १९७१ पासून आमच्या घरात आहे. ज्याचा होता त्याचं नाव मोहम्मद. कसा आला ते आज्याला आता आठवत नाही.' दोन सोबती अजून माझ्याशी बोलत नाहीत.

रात्रपाळीवरनं आलो की मी आज्याला त्याच पेल्यातनं पाणी देतो. बोटं धरून पेल्याभोवती मिटतो. कधी धरतो. कधी सोडून देतो आणि ओंजळच पुढं करतो.

माझ्या जागी तुम्ही काय लिहिलं असतं? लिहून पाठवा.

जयभीम.