रांगेतला शेवटचा

तासगाव तालुक्यातल्या एका गावात बाळू आणि शंकर मास्तर हे दोघे एकाच बाकावर शिकले. बाळूची तीन एकर द्राक्षबाग, सगळा माल बेदाण्याला जाणारा. शंकर जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. पगार एक तारखेला ठरलेला, त्यामुळं गावाच्या हिशेबात तो श्रीमंत. शेतकऱ्यांच्या गावात नोकरदाराबद्दल हा गैरसमज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे आणि नोकरदारही तो फारसा खोडत नाहीत.

एका वर्षी मार्च संपता संपता अवकाळी पाऊस लागला. बाळूचा माल शेडमधल्या जाळ्यांवर वाळत होता. पावसाची झड आत आली, हवा दमट राहिली आणि हिरवा-पिवळा उतरणारा बेदाणा काळा पडला. सौद्यात त्याला मातीमोल दर मिळाला. खरडछाटणी तोंडावर आलेली. मजूर उचल मागत होते, औषध दुकानदार मागची बाकी.

"शंकऱ्या, दीड लाख दे. पुढचा बेदाणा निघाला की पहिले तुझे."

मास्तरानं 11 एप्रिलला बँकेतून पैसे बाळूच्या खात्यावर पाठवले. त्यातले पाऊण लाख त्याची बायको सुमन हिनं शिलाई मशिनवर वर्षानुवर्षं साठवलेले होते. कागद केला नाही. मित्राकडून लिहून घ्यायचं म्हणजे तोंडावर त्याला चोर म्हणायचं, असं मास्तराचं मत. गावातल्या बहुतेकांचं हेच मत असतं, निदान पैसे देण्याच्या दिवशी तरी.

पुढचा बेदाणा निघाला, झकास निघाला. बाळूनं फवारणीचा नवा ब्लोअर घेतला. मास्तरानं तो पाहिला आणि विचारलं, "काय बाळू, यंदा दर बरा लागला म्हणं?"

"कसला दर न्‌ कसलं काय! खर्च वजा जाता हातात काय ऱ्हातंय?"

मास्तर हसला आणि चहाचे पैसेही त्यानंच दिले.

त्यानंतर बाळूच्या पोरीचं लग्न झालं. मास्तराला फेटा बांधून पहिल्या रांगेत बसवलं, जेवणात आग्रह करकरून जिलेबी वाढली. घरी आल्यावर सुमन एवढंच म्हणाली, "अहो, ती जिलेबी आपल्याच पैशांची होती." मास्तराला त्या रात्री झोप लागली नाही.

पण तो बाळूला काही बोलला नाही. बाकी सगळ्यांना बोलला. शाळेत बोलला, सलूनमध्ये बोलला, दूध घालायला गेला तिथं डेअरीत बोलला. दीड लाखांची गोष्ट गावातल्या प्रत्येकाला ठाऊक झाली, फक्त ज्यानं ती ऐकायची होती त्याला कुणी समोर बसवून सांगितली नाही. बाळूच्या कानावर मात्र सगळं येत होतं. तो चहाची टपरी बदलून पलीकडच्या टपरीवर बसू लागला. फोन वाजून वाजून थांबायचा. ऋषिपंचमीला तासगावच्या गणपतीचा रथ निघतो, हजारो माणसं दोर ओढतात. त्या गर्दीत मास्तरानं दोराला हात घातला तर चार माणसं सोडून पुढं बाळू. बाळूनं मागं वळून पाहिलं, दोर सोडला आणि घुसला गर्दीत. देवाच्या दारात आपला मित्र आपल्याला पाहून पळतो, हे मास्तराला दीड लाखांपेक्षा जास्त लागलं.

आता सल्ले सुरू झाले. गावातले एक माळकरी आजोबा म्हणाले, "मास्तर, सोडून द्या. तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, ध्यानात आणा."

मास्तर म्हणाला, "आजोबा, तुकोबांकडं बुडवायला कर्जखतं तरी होती. माझ्याकडं तेवढाही कागद नाही."

घरी हे सांगताना त्याला स्वतःच्याच बोलण्याचं हसू आलं, पण सुमन हसली नाही. "तुकोबांनी आपला हिस्सा बुडवला. धाकट्या भावाचा हिस्सा त्याला देऊन टाकला होता. तुम्ही तुमचे पाऊण लाख खुशाल बुडवा. माझे बुडवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?" यावर मास्तराकडं उत्तर नव्हतं. उदार मनाची माणसं पुष्कळदा घरातल्या दुसऱ्याच्या पैशानं उदार होतात.

भाचा वेगळ्या वळणाचा. "मामा, दोन पोरं पाठवतो. बुलेट दारात उभी राहिली तरी पैसे निघतील." मास्तर एक रात्रभर त्याला हो म्हणण्याच्या बेतात होता. सकाळी सुमननं त्याला तासगावच्या कोर्टात वकिली करणाऱ्या एका बाईंकडं नेलं.

वकीलबाईंनी भाच्याची योजना ऐकून हात जोडले. "धमकीची नाहीतर खंडणीची तक्रार झाली की तुम्ही आरोपी आणि तो फिर्यादी. पैसे राहतील बाजूला." मग त्यांनी पासबुक मागितलं, 11 एप्रिलच्या ओळीवर बोट ठेवलं. "बँकेतून दिलेत हे फार चांगलं केलंत. वीस हजार किंवा त्याहून मोठी उसनवारी रोखीत करायला प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे, आणि रोखीला पुरावाही नसतो. पण मास्तर, कॅलेंडर बघितलंत का?"

"कशाचं?"

"1963 चा मुदतीचा कायदा आहे. परतीची तारीख ठरली नसेल तर पैसे दिल्या दिवसापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. तोंडी 'पुढचा बेदाणा' कोर्टात टिकवणं अवघड. आज जानेवारी आहे. येत्या 11 एप्रिलला तीन वर्षं होतील."

मास्तराचा चेहरा उतरला. तो भिडेपोटी गप्प बसला होता आणि कायद्याचं घड्याळ त्याला न विचारता चालू होतं.

"मग नोटीस पाठवा."

"पाठवू. त्याआधी एक सांगा, तुम्ही त्याच्याकडं पैसे मागितलेत का?"

"म्हणजे काय! किती वेळा!"

"काय शब्दांत?"

मास्तर आठवू लागला. बेदाण्याचा दर विचारला होता. पगार उशिरा होतोय असं सांगितलं होतं. मशिन दुरुस्तीला टाकायचंय, असंही एकदा म्हणाला होता. 'माझे दीड लाख अमुक तारखेला दे', हे वाक्य तीन वर्षांत त्याच्या तोंडून निघालंच नव्हतं. सुमन खिडकीबाहेर बघत बसली. वकीलबाई म्हणाल्या, "मुदत संपायच्या आत त्यानं कर्ज मान्य करून सही केली, तर सहीच्या दिवसापासून नवी तीन वर्षं मिळतात. थोडी रक्कम फेडून तशी लेखी नोंद केली तरी चालतं. कागद घेऊन जा. नाही म्हणाला तर मी आहेच."

मास्तर संध्याकाळी बागेत गेला. बाळू शेडमध्ये जाळ्या आवळत होता. पळायला मागं वाट नव्हती.

"बाळू, माझे दीड लाख रुपये परत पाहिजेत. आज किती देतोस आणि बाकीचे कधी, ते लिहून दे."

बाळू भडकलाच. "लिहून? माझ्यावर इस्वास न्हाई व्हय? पळून चाललोय का मी?"

"टपरी बदललीस. रथाचा दोर सोडलास. आणखी कसं पळतात?"

बाळू जाळीची दोरी हातात धरून बराच वेळ उभा राहिला. मग खाली बसला आणि त्यानं जे सांगितलं ते मास्तराच्या ध्यानीमनी नव्हतं. सोसायटीचं पीककर्ज भरलं नाही तर नवं मिळत नाही, म्हणून ते आधी. दुकानदाराची बाकी दिली नाही तर तो डाउनी रोगाचं औषध देत नाही, आणि डाउनी काही थांबत नाही, म्हणून ते दुसरं. मजुरांचं दिलं नाही तर ऑक्टोबरच्या फळछाटणीला टोळी येत नाही. मग सोयऱ्याचे, कारण तो पोरीच्या सासरी बोलतो.

"आणि मग मी?"

"तू काय, घरचाच. तू थांबशील असं वाटलं."

"आणि ब्लोअर?"

बाळूनं मान खाली घातली. "हातात पैसा आला न्‌ कुणी मागायला उभा न्हवता. घेतला."

हा माणूस लबाड होता का? थोडा होता. पण त्याच्यापाशी घेणेकऱ्यांची एक रांग होती. जो नडेल तो पुढं आणि जो समजून घेईल तो मागं. मास्तरानं तीन वर्षं समजून घेतलं आणि आपल्या पायांनी चालत शेवटाला जाऊन उभा राहिला.

कागद झाला. 11 एप्रिलला बँकेमार्फत मिळालेले दीड लाख, पैकी आज रोख पाच हजार परत, बाकी एक लाख पंचेचाळीस हजार, मार्चपासून दर महिन्याच्या 10 तारखेला एकोणतीस हजारांचा एक, असे पाच चेक. बाळूची सही, दोन साक्षीदार. भाचा म्हणत होता, तीन टक्क्यांनी व्याज टाका. मास्तरानं मुद्दल तेवढं लिहिलं.

त्यानंतर एक गंमत झाली. बाळू जुन्या टपरीवर परत आला. आधी त्याला मास्तर दिसला की दीड लाख दिसायचे, सणाला, बाजारात, देवळात, कुठंही. आता पैशांची गाठ फक्त 10 तारखेला होती. बाकीचे दिवस दोघं पाऊस, दर आणि गुडघेदुखी यांवर पूर्वीसारखे बोलू लागले.

मार्चचा चेक वटला, एप्रिलचा वटला. मेचा परत आला, खात्यात पुरेशी शिल्लक नाही असा शेरा घेऊन. मास्तरानं फोन केला. बाळू म्हणाला, "दर पडलाय रं, बॉक्स कोल्ड स्टोरेजला टाकल्यात. दिवाळीत बगू."

इथं मास्तर पुन्हा जुना मास्तर होऊ शकला असता. संध्याकाळी तो वहाणा घालून टपरीकडं निघालाही होता. सुमननं दारातच चेक त्याच्या हातात दिला. बँकेनं कळवल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस जावी लागते आणि ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या महिनाभरात कोर्टात तक्रार करता येते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, हे वकीलबाईंनी दोघांनाही समजावलं होतं. मास्तरानं आठव्या दिवशी नोटीस धाडली.

गावात बोभाटा झाला. मित्रावर नोटीस! पैसा मोठा झाला मास्तराला! तीन वर्षं पैसे अडकले तेव्हा यातला एकही जण बाळूला जाब विचारायला गेला नव्हता. गाव नेहमी बुडवणाऱ्याच्या अडचणी मोजतं.

बाळू नोटीस नाचवत दारात आला. "मला जेलात घालतोस व्हय रं?"

"नाही. मी रांगेत पुढं आलोय, एवढंच. दुकानदाराला दिवाळी सांगितलीस का?"

सांगितली नव्हती. त्याची बाकी गेल्याच आठवड्यात चुकती झाली होती. बाळू चहा न घेता गेला. नवव्या दिवशी त्यानं कोल्ड स्टोरेजमधले काही बॉक्स सौद्याला काढले, पडत्या दरात विकले आणि एकोणतीस हजार मास्तराच्या खात्यावर पाठवले. पडत्या दराचं दुःख त्यानं पुढं महिनाभर सगळ्यांना ऐकवलं, मास्तराचं नाव घेऊन. जून-जुलैचे चेक मात्र बिनबोभाट वटले. सुमननं आपले पाऊण लाख वेगळ्या खात्यात टाकले आणि पासबुक आपल्या कपाटात ठेवलं.

गणपतीत दोघांचं बोलणं तुटक होतं. नवरात्रापर्यंत बरं झालं.

ऑक्टोबरात, फळछाटणीच्या आठवडाभर आधी, बाळू संध्याकाळी घरी आला. इकडचं तिकडचं बोलला, बागेची काडी यंदा चांगली तयार झालीय म्हणाला. मग खिशातून घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. पन्नास हजार रुपये, बँकेमार्फत, सही, दोन साक्षीदारांची नावं. तिकीटसुद्धा चिकटवून आणलं होतं.

मास्तरानं चष्मा लावला, कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि सुमनकडं सरकवला. तिनंही वाचला.

"भावजी," ती म्हणाली, "परत कधी देणार ती तारीख राहिली की."

"बेदाणा निघाला की..." बाळू म्हणायला लागला.

तिनं शिलाईच्या डब्यातलं पेन काढून त्याच्यापुढं ठेवलं.